गच्चीवरची वांगी

आमच्या जिल्ह्यात विषमुक्त शेतीचा पाया कुणी घातला, हा प्रश्न इतिहासकारांना कधी पडलाच तर त्यांनी फार लांब जाऊ नये. तो आमच्या घरमालकांनी घातला, आणि स्वतःच्या गच्चीवर घातला. या कार्याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही, कारण खाली चौकात त्यांचं कीटकनाशकांचं दुकान होतं.

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्यामुळे शेती माझ्या डोक्यावर आणि शेतकऱ्याची ये-जा माझ्या दारावरून. फुटका माठ, रंगाचे डबे, स्कूटरचं टायर, नातवाचा आंघोळीचा टब, काहीही हाती लागलं की त्यात माती जायची. मिक्सरचं भांडं गळतं म्हणून काकूंनी दुरुस्तीला काढून ठेवलं, तर संध्याकाळी त्यात पुदिना उभा. यवतमाळात नळ कधी येईल याचा भरवसा नसायचा, म्हणून साऱ्या बिऱ्हाडांनी घमेल्यात उभं राहून आंघोळ करायची आणि ते पाणी गच्चीवर पोचवायचं, असा नियम होता. साबणाला बंदी. "सर, तुमच्या पाण्यानं मेथी पिवळी पडून राह्यली, तो शाम्पू बंद करा," असं त्यांनी मला जिन्यात पाहुण्यांदेखत सुनावलं होतं. मे महिन्यात तर घरातला एकुलता एक कूलर त्यांनी वर नेऊन सांभारासमोर लावला. सांभार म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. काकू म्हणाल्या, "आमीबी सुकूनच राह्यलो न." ते म्हणाले, "तुले बोलता येते. त्याले येते का?"

कीड ते हातानं वेचत. रोज सकाळी चष्मा लावून, सुनेचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन वांग्यांपुढे बैठक मारत. अळी सापडली की "चाल माय, उतर" म्हणत तिला पाण्याच्या डब्यात सोडत. दुकानातली बाटली कधी जिना चढली नाही. भोकं पडलेली वांगी ते कापून, निवडून खात आणि आम्हालाही देत. भोक म्हणजे शुद्धतेची खूण, असं आम्ही जेवायला आलेल्यांना अभिमानानं सांगायचो. दुकानाचा विषय पंगतीत निघत नसे.

मग अळी लागणार नाही म्हणून विकलेल्या बियाण्यालाही बोंडअळी जुमानेनाशी झाली ते वर्ष आलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली, लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारू लागले, आणि फवारणारी माणसं दवाखान्यात येऊ लागली. काय कशात मिसळायचं ते दुकानदार सांगत. आमचे घरमालकही सांगत.

एका रविवारी दुकान बंद होतं, म्हणून घाटंजीकडच्या एका तांड्यावरचं त्यांचं जुनं गिऱ्हाईक थेट गच्चीवर आलं. त्या माणसाचा भाऊ फवारता फवारता शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पडला होता, शहरात भरती होता, त्याला दिसत नव्हतं, आणि डॉक्टरांना औषधांची नावं हवी होती. मी आंघोळीचं पाणी घेऊन वर आलो होतो. घरमालकांनी दोन्ही नावं सांगितली. त्यानं ती तिथूनच फोनवर दवाखान्यात कळवली. मग निघता निघता त्याचं लक्ष वांग्यांकडे गेलं.

"काकाजी, अळी लागली न वांग्याले."

"हो."

"मंग मारत काहून नाही? दुकान तं तुमचंच हाये."

घरमालकांच्या हातात चिमटा होता. "घरी खाची हाये बाप्पा," ते म्हणाले.

वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. तो माणूस चिडला वगैरे नाही. म्हणाला, "आमची बी घरीच खातो जी. पऱ्हाटीतच लावतो न आमी वांगी." आणि राम राम करून जिना उतरला. मी घमेल्यातल्या पाण्याकडे बघत उभा राहिलो. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याचा भाऊ पुढे बरा होऊन तांड्यावर गेला. एका डोळ्यानं अजून धुरकट दिसतं म्हणे.

दुसऱ्या एखाद्यानं दुकानाला कुलूप लावलं असतं. आमच्या घरमालकांनी दुसऱ्या दिवशी पाठीवरचा पंप गच्चीवर आणला. तोंडाला टॉवेल बांधून त्यांनी वांगी, मेथी, पुदिना, सांभार, सगळ्यावर फवारलं, एक डबा सोडला नाही. काकू जिन्यातून म्हणाल्या, "येडे झाले का हो?" त्यावर, "आपलं काय येगळं हाये?" एवढंच म्हणाले आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून खाली गेले.

त्या हंगामात वांगी अशी आली की प्रदर्शनात ठेवावीत. चकचकीत, जांभळी, एकालाही भोक नाही. कुणी तोडली नाहीत. ते रोज सकाळी वर जात, झाडांना पाणी घालत आणि रिकाम्या हातानं खाली येत. चिमटा सुनेला परत मिळाला. आमच्या आंघोळीचं पाणी त्यांनी पुन्हा मागितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. वांगी झाडावरच पिकून पिवळी पडली.

आता त्यांच्याकडे भाजी आठवडी बाजारातून येते. आमच्याकडेही.