काचेआडच्या देवाला बेदाणे

मुलीच्या सायकलच्या पिशवीत द्राक्षांचा डबा विसरून राहिला होता. आज नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या स्वयंपाकघरात तो उघडला, आंबूस-गोड वास सुटला आणि मी थेट लायडनच्या म्युझियममध्ये आईशेजारी जाऊन उभा राहिलो.

बरीच वर्षं झाली. आई तासगावहून पहिल्यांदाच आली होती. काचेआड एक काळं-तांबडं ग्रीक भांडं होतं. त्यावर दाढीवाला देव वेलीखाली बसलेला, आणि घोड्याच्या शेपटीची माणसं टोपलीत उभी राहून द्राक्षं तुडवत होती. मी पाटी वाचून सांगितलं, "हा डायोनायसस. यानंच माणसाला द्राक्षाची वेल दिली आणि वाईन करायला शिकवलं, असं ग्रीक लोक मानायचे."

आईनं बूट काढले. पर्समधून घरच्या द्राक्षबागेतल्या बेदाण्यांची पुडी काढून चार बेदाणे काचेपुढं ठेवले आणि हात जोडून डोळे मिटले.

"अगं, दारूचा देव आहे तो," मी ओशाळून कुजबुजलो. आमच्या घरात दारूचं नावही चालत नसे.

"वेल त्यानंच दिली म्हणालास नव्हं? मग आपली बाग त्याचीच की."

म्युझियमची रखवालदार बाई आली, पण आईचे डोळे उघडेपर्यंत थांबली. मग तिनं खुणेनंच बेदाणे उचलायला सांगितले.

मी आईला एक जुनं भांडं दाखवायला नेलं होतं. कित्येक वर्षं ज्याला लोक काचेआड नुसतेच बघत आले, त्या देवाला माझ्यासमोर नैवेद्य मिळाला होता.