कोपऱ्यातल्या खोलीचं उत्तर

इमारतीतल्या लोकांनी तिला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पदवी देऊन टाकली होती. ती जिना उतरू लागली की पहिल्या मजल्यावरचे छापखान्यातले काका दारातून हाक मारायचे, "काय वकीलबाई, निघालात का कोर्टात?"

"अजून पाच वर्षं आहेत, काका."

अभ्यासक्रम जोड पदवीचा होता. कायदा आणि मालमत्ता विकास, दोन्ही एकत्र. काकांना ही भानगड कधी पटली नाही. "म्हणजे एका हाताने इमारत पाडायची आणि दुसऱ्या हाताने स्थगिती आणायची. धंद्याला मरण नाही बघा!"

तिचे वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. ते स्वतः राहत त्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि यावर वर्षानुवर्षं त्याच चार माणसांनी तोच विनोद केला होता. आई ती दुसरीत असताना गेली. वडिलांची पाळी संध्याकाळी उशिरा संपायची, म्हणून शाळा सुटल्यावर ती तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत थांबायची. ती खोली इस्त्रीवाल्या मावशीची. मावशी नात्याने कोणाचीच मावशी नव्हती. खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात इस्त्रीचं टेबल, मागच्या अर्ध्यात पलंग आणि शेगडी, मधे एक पडदा. मुलीचा अभ्यास टेबलाखाली चालायचा, कारण तिथे ऊब असायची. मोठी झाल्यावर ती टेबलाखाली मावेना, तेव्हा मावशीने तिला खिडकीजवळ स्टूल दिलं. "आता वर बस. वकील लोक खाली बसत नाहीत."

कॉलेजात सकाळी कायद्याचे तास असत आणि दुपारी विकासाचे. सकाळचे सर विचारायचे, जागा कोणाची? दुपारच्या बाई विचारायच्या, जागेचं काय होऊ शकतं? तिला दोन्ही आवडायचं. करार वाचताना त्यातली पळवाट तिला इतरांआधी दिसायची, आणि नकाशा वाचताना रस्त्याची रुंदी बघून वर किती मजले चढतील हे ती मनात मांडायची. वर्गात बहुतेक मुलं बिल्डरांच्या किंवा वकिलांच्या घरातली. ती हुशार होती आणि आपण हुशार आहोत हे तिला दाखवावं लागायचं. त्यांना नाही लागायचं.

शेवटच्या वर्षी मोठा प्रकल्प असतो. एक खरी जुनी इमारत निवडायची. ती कोणाच्या मालकीची, तिथे कोण कोणत्या हक्काने राहतं आणि तिच्या जागी काय उभं राहू शकतं, हे परीक्षकांपुढे मांडायचं. कोणी बंद गोदाम घेतलं, कोणी जुनं थिएटर. तिने स्वतःचीच इमारत घेतली. कारण सोपं होतं. अशा पाहणीत खरी अडचण दार उघडण्याची असते, आणि तिच्यासाठी सगळी दारं उघडी होती. बाहेरच्या माणसाला महिनोन्महिने फिरून मिळत नाही ती माहिती तिला एका रविवारात मिळाली. काकांनी टेपचं दुसरं टोक धरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माप घेण्यापूर्वी घर आवरायला वेळ मागून घेतला.

मावशीकडे ती सगळ्यात शेवटी गेली.

"तू बाईंची कोण, ते लिहायचंय," ती म्हणाली. ती खोली मुळात एका निवृत्त शिक्षिकेची होती. बाई जाऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी भाडं अजून त्यांच्याच नावावर जमा व्हायचं. मावशी बाईंची भाची, असं सगळी इमारत धरून चालली होती.

मावशीने एक बाही सरळ केली. "भाची लिही की."

"आहेस ना?"

"तुला म्हणून सांगते." मावशीने इस्त्री उभी करून ठेवली. "मी त्यांच्याकडे कामाला होते गं. स्वयंपाक, कपडे, शेवटी शेवटी अंघोळसुद्धा. त्या गेल्या तेव्हा लोक भेटायला आले. कोणीतरी विचारलं, तुम्ही भाची का? बाईंचं प्रेत आत होतं. कुठे सांगत बसायचं? हो म्हटलं. मग तेच राहिलं."

मुलीने खोली मोजली आणि नकाशात ती जागा कोरी ठेवली. भाडेकरूच्या मागे घरात राहणाऱ्या नातेवाइकाला कायदा हक्क देतो, कामाच्या माणसाला देत नाही. हे तिला खिडकीजवळच्या त्याच स्टुलावर बसून पाठ झालं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात. त्या वर्षी एका बांधकाम कंपनीचे अधिकारी आले होते. पांढरे केस, मृदू आवाज, मुलांनाही अहोजाहो करणारे. त्यांनी भिंतीवरचा नकाशा बराच वेळ पाहिला. हक्कांप्रमाणे रंगवलेल्या खोल्यांमधे एकच पांढरी होती.

"ही कोपऱ्यातली खोली कोरी का?"

"माहिती अपुरी आहे, सर."

दुपारच्या बाईंनी मान वर केली. "बाकी इमारतीची सगळी माहिती आहे आणि एकाच खोलीची नाही? मग ही पाहणी पुरी नाही म्हणायची."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. ते कदाचित दुसऱ्याच कशाला हसलं असेल. पण तिला उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असताना गप्प बसायची तिला सवय नव्हती. तिने सांगितलं. तिथे राहणारी व्यक्ती मूळ भाडेकरूची नातेवाईक नाही. ती कामाला होती. त्यामुळे ताबा असला तरी भाडेहक्क सिद्ध होत नाही, आणि पुनर्विकासात त्या खोलीच्या बदल्यात घर द्यावं लागणार नाही. तिने कलम सांगितलं, त्यावरचा निकालही सांगितला. बाईंनी हसून काहीतरी लिहिलं.

"फारच छान," अधिकारी म्हणाले. "आमच्या माणसांना हे असं शोधता येत नाही."

तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. संध्याकाळी तिने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. कोपऱ्यातल्या खोलीत दोन पुड्या दिल्या.

त्या कंपनीचं घरमालकाशी बोलणं आधीपासून चाललं होतं, हे तिला नंतर कळलं. म्हणजे जे झालं ते तिच्या प्रकल्पामुळे झालं असं नाही. इमारत पडायचीच होती. निकाल लागून काही महिने झाले आणि अंगणात रहिवाशांची सभा भरली. टेबलामागे तेच अधिकारी बसले होते. तिला बघताच ते उठून उभे राहिले.

"अरे, या तुमच्याच इमारतीतल्या का? फार हुशार मुलगी."

काकांनी भोवती बघून घेतलं, जणू तिला त्यांनीच शिकवलं होतं. "आमची वकीलबाई आहे ती! हिच्यापुढे जरा जपून हं साहेब." सगळे हसले. वडीलही हसले. ती हसली नाही हे वडिलांच्या लक्षात आलं, पण त्यांना वाटलं लाजली असेल.

एकेकाचं नाव पुकारलं जात होतं. ज्याला त्याला नव्या इमारतीतला मजला सांगितला जात होता. मावशीची पाळी आली. ती नवी साडी नेसून आली होती आणि तिला स्वतःच कडक इस्त्री केली होती.

"मूळ भाडेकरू बाईंच्या आपण कोण?"

"भाची."

अधिकाऱ्यांनी मावशीकडे पाहिलं नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग मान खाली घालून ते हळूच म्हणाले, "नात्याचा पुरावा लागेल, बाई."

दुसऱ्या दिवशी मुलगी खाली गेली तेव्हा मावशी शर्टांचा ढीग संपवत होती.

"इतकी वर्षं कोणी पुरावा मागितला नाही," मावशी म्हणाली. "यांना कोणी सांगितलं असेल गं?"

"मी."

इस्त्री कॉलरवर फिरत राहिली.

"कशाला?"

"परीक्षेत विचारलं होतं."

मावशीने शर्टाची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि वरून हात फिरवला. "मग? बरोबर आलं का उत्तर?"

"हो."

"बरं झालं," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं मुलीने पुढे एकदा वडिलांना सांगितलं.

ती सकाळच्या सरांकडे गेली. मावशीच्या बाजूने आपण साक्ष देऊ, असं तिच्या मनात होतं. जन्मापासून आपण तिला तिथेच पाहिलंय, असं सांगू. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"उलटतपासणीत पहिला प्रश्न काय येईल?"

तिने पिशवीतून वही आणि पेन काढलं.

"तुम्ही परीक्षेत काय सांगितलं होतं, हा," सर म्हणाले. "ऐकणारा माणूस समोरच्या बाजूला बसलेला असेल. तुम्ही सोडून कोणालाही साक्षीला न्या. काकांना न्या."

काका तयार होते. "शंभर वेळा सांगतो भाची आहे म्हणून!" पण शपथेवर खोटं बोला असं त्यांना सांगायला वकीलबाईंची जीभ रेटेना, आणि मावशीनेही नको म्हटलं. "एकदा हो म्हटलं त्याचंच हे झालंय. आता पुन्हा नको."

घरं रिकामी करायचा दिवस आला तेव्हा इतरांचं सामान तात्पुरत्या भाड्याच्या घरांकडे गेलं. मावशीचं सामान भावजयीकडे गेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. इस्त्रीचं टेबल टेम्पोत बसलं, पण भावजयीच्या दारातून आत जाईना. ते तिथल्या एका शिंप्याला देऊन टाकलं.

नवी इमारत उभी राहिली. वडील आता नवव्या मजल्यावर राहतात. लिफ्टचा आवाज त्यांना बरोबर वाटत नाही, पण देखभाल कंपनीची माणसं करतात. मुलगी एका वकिलांच्या कचेरीत आहे. जुन्या इमारतींची पाहणी हेच तिचं काम, आणि ते तिला चांगलं येतं. कोणाच्याही घरात पाऊल टाकण्यापूर्वी ती सांगते, "मी कोणाकडून आलेय ते आधी ऐका. मग बोलायचं तर बोला." त्यामुळे तिची पाहणी लांबते. साहेब कुरकुरतात.

महिन्यातून एकदा ती मावशीकडे जाते. मावशी तिला पलंगावर बसवते, तोंडावरून हात फिरवते, वाळलीस म्हणते, लग्नाचं काय म्हणते. शेजारणीची भांडणं, पाण्याची वेळ, गुडघा, सगळं सांगते. मागच्या खेपेला भावजयही येऊन बसली. सहज बोलता बोलता ती म्हणाली, "हे घरसुद्धा खरं म्हणजे यांच्या नावावर नाहीच आहे. सासऱ्यांनी तेव्हा—"

"वहिनी," मावशी म्हणाली, "ते राहू दे आत्ता. चहा टाक."

भावजय उठून आत गेली. मावशी मुलीकडे बघून हसली आणि गुडघ्याचं पुढे सांगू लागली. चहा आला. मुलीने तो प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला आणि निघाली.