साहेबाचा हात रुमालाखाली

हे लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं, आणि कॉलेजातही मी शेवटच्या बाकावरचा. परकीय गुंतवणूक, सरकारी धोरण असल्या विषयांवर लिहिणारी माणसं वेगळी असतात. मला फक्त आमच्या बैलबाजारात काय झालं तेवढं माहीत आहे. कुठं शहाणपणा केल्यासारखं वाटलं तर ते वाक्य सोडून पुढं जावं.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडं. गावाला लागून सरकारी गायरान आहे, आणि त्यावर दर मंगळवारी गुरांचा बाजार भरायचा. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, त्या बाजारात दलाल होते. दलाल म्हटलं की शहरातली माणसं नाक मुरडतात, हे मला बीडला शिकायला गेल्यावर कळलं. आमच्याकडं दलालाजवळ त्याचा शब्द सोडून दुसरं भांडवल नसतं.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. चारी बाजूंनी माणसं खेटून उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. कळू नये हीच रीत. मग दलाल तसाच रुमाल टाकून बैलाच्या मालकाचा हात धरतो आणि त्याला भाव सांगतो. त्याची मान हलली की सौदा पक्का.

ती उदारीकरणाची वर्षं होती. देशाची दारं उघडली, असं आमचे अर्थशास्त्राचे सर वर्गात सांगायचे. आमच्या गावापर्यंत त्यातलं फारसं काही आलं नव्हतं. एसटी स्टँडवर नव्या रंगाच्या थंड पेयाच्या बाटल्या तेवढ्या दिसायच्या.

पोळा नुकताच होऊन गेला होता. मी दोन दिवस घरी आलो होतो आणि मंगळवार होता म्हणून अप्पांबरोबर बाजारात गेलो. अकराच्या सुमारास दोन सरकारी जीपा धुरळा उडवत गायरानात शिरल्या. पहिलीतून एक गोरा साहेब उतरला. अधिकारी नकाशा उघडून त्याला हातवारे करून काही दाखवायला लागले, पण साहेबाचं लक्ष एका लाल कंधारी बैलावर गेलं. तो जवळ आला आणि कौतुकानं बघत उभा राहिला.

आता, बाजारात जनावरापुढं जो उभा राहिला तो गिऱ्हाईक, एवढंच अप्पांना ठाऊक. ते पुढं झाले, साहेबाचा हात धरला, वरून रुमाल टाकला आणि बोटं दाबायला लागले. साहेबाला वाटलं असावं की इकडं असाच रामराम करतात. तोही खुशीत येऊन अप्पांची बोटं दाबायला लागला, असं अप्पांनी मागाहून सांगितलं. अप्पांनी कमी केलं की तो वाढवायचा, अप्पांनी वाढवलं की तो हसायचा. अधिकाऱ्यांना घाम फुटला. शेवटी एकानं साहेबाला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

अप्पा रुमाल झटकत म्हणाले, "लई पक्का गडी हाय. भावच ठरू देईना."

सगळा बाजार हसला. मीही हसलो.

पुढच्या मंगळवारी मात्र कुणी हसत नव्हतं. मधल्या आठवड्यात बातमी फुटली होती की परदेशी कंपनी मोसंबीच्या रसाचा कारखाना काढणार आणि बाजाराचं गायरान तिला जाणार. अप्पांचे एक जुने सोबती होते, मी त्यांना काका म्हणायचो. त्यांनीच गुरांच्या पाण्याच्या हौदापाशी सगळ्यांदेखत विचारलं, "काय दलाल, किती बोटं धरली साहेबानं?"

"आरं, बैलाचा भाव करत व्हतो मी."

"मंग बैल कुठं नेला त्यानं? आख्ख्या बाजारानं बघितलंय, लई येळ हात आत व्हता. बैलाला एवढा येळ लागतो का बे? जमिनीला लागतो."

रुमालाखाली काय झालं याला साक्षीदार नसतो. काहीच झालं नाही याला तर कुठून आणायचा? त्या दिवसापासून लोक दुसऱ्या दलालांकडं जायला लागले. अप्पा हौदापाशी दुपारपर्यंत उभे राहायचे आणि घरी यायचे.

दिवाळी झाल्यावर ते मला म्हणाले, "शिकलायस ना तू? जा की कचेरीत. कागदावर काय आसंल ते आण. त्यात माझं नाव न्हाई, एवढं दाखव लोकांला."

मी अर्ज चार वेळा लिहून फाडला आणि पाचवा घेऊन गेलो. तहसील कचेरीतले कारकून भले माणूस होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं.

"साहेब, त्या कारखान्याची फाइल आहे का?"

"फाइल हाय का न्हाई, हे बी गोपनीय हाय."

"कंपनीला माहीत, सरकारला माहीत. मग आम्हालाच कावून न्हाई? बाजार तर आमचा जाणार."

"जमीन सरकारची हाय. तुमी तिच्यावर बैल बांधता." मग त्यांना माझी दया आली असावी. "हे बघ, परदेशी पैसा लई लाजाळू आसतो. जरा गलका झाला की पळून जातो. चहा घेतो का?"

मी तीनदा गेलो आणि तीनदा चहा घेतला. तिसऱ्या वेळी मला दारात बघताच त्यांनी टेबलावरची एक फाइल पालथी घातली. त्यावरून फाइल आहे एवढं मला कळलं. सरकारकडून मला मिळालेली माहिती तेवढीच.

परतताना एसटीत मी विचार करत होतो. माझा विचार बरोबर आहे की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही. सौदा झाकून करायला माझी ना नाही, मी त्याच घरात वाढलो आहे. पण मालकाचा हात कधी ना कधी आत घ्यावा लागतो, आणि इथं मालक म्हणजे नेमकं कोण, हे कारकुनांनाही सांगता आलं नसतं.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "तिकडं कंपनीला दरवर्षी अहवाल छापावा लागतो. कुठं काय करतोय ते भागधारकांना सांगावं लागतं."

"तो अहवाल आपल्याला मिळतो का सर?"

"मागून बघ."

सरांनी कुठून तरी कंपनीचा पत्ता काढून दिला. मी शब्दकोश घेऊन इंग्रजीत हवाईपत्र लिहिलं. सरांनी दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "बाकीच्या राहू दे. खरं पत्र वाटतंय."

महिने गेले. जागा जाणारच म्हणून व्यापारी दुसऱ्या गावच्या बाजाराला जायला लागले. हौदाची गळती कुणी बुजवली नाही. अप्पा गुडघ्याचं कारण सांगून मंगळवारी घरीच बसायला लागले. त्यांचे गुडघे चांगले होते.

पुढचा पोळा जवळ आला तेव्हा होस्टेलच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. आत गुळगुळीत कागदाचा अहवाल होता, वर रसरशीत फळांचं चित्र. एकाही ओळीचं पत्र सोबत नव्हतं. मागच्या बाजूला देशांची यादी होती आणि आमच्या जिल्ह्यावर चार ओळी. त्या सरांकडून तीनदा समजून घेतल्या आणि मंगळवारी पहाटेची गाडी धरली.

अप्पा यायला तयार नव्हते. आईनं त्यांच्या हातात चपला दिल्या.

बाजारात वीसेक माणसं उरली होती. मी हौदापाशी उभा राहून मराठीत वाचलं. जमीन राज्य सरकारनं देऊ केली होती. बोलणी फक्त राज्य सरकारशी झाली. आसपास पाणी पुरेसं नसल्यानं कंपनीनं हा बेत सोडून दिला आहे.

"ते बोलणी फक्त कुणाशी, ते परत वाच," काका म्हणाले.

मी परत वाचलं. काका अप्पांजवळ आले. मग म्हणाले, "म्हंजे साहेब खरंच बैलच बघत व्हता का बे?"

"वरीसभर तेच सांगतोय मी!" अप्पा ओरडले, आणि माणसं हसायला लागली.

हसणं थांबल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पण त्यायनी हे सोडलं कवा?"

मी पान उलटून बेत सोडल्याचा महिना पाहिला. गेल्या दिवाळीच्या आधीचा होता. मी पहिला अर्ज लिहिला, त्याच्याही आधीचा.