पक्कड

माझे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. भाकरीचा घास मी दाढेखाली धरून ओढून तोडते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात यांनी ते पाहिलं आणि ताटावरच तोंडात मारली. "कुत्र्यावानी खाती," म्हणाले. तेव्हापासून मी सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडं तोंड करून जेवते.

पोरीचा जबडा माझ्यावर गेला. कॉलेजात पोरं चिडवायची म्हणून तिला सांगलीला दातांच्या बाईंकडं नेलं. बाईंनी फोटोत दाखवलं, दाढा एकमेकींवर बसतात पण पुढं फट राहते, म्हणून सगळा जोर दाढांवर येतो. "तार दाताला हळूहळू ओढते," त्या म्हणाल्या. "सरकलेल्या दाताभोवती हाड भरायला वेळ लागतो. मधेच तार काढली तर दात मागं जातात."

पोरीला तार बसवली. वर्षभरात फट निम्मी मिटली. एकदा तिनं पेरू पुढच्या दातांनी तोडला आणि मला तो तुकडा दाखवत नाचली.

मग तिला बघायला पाहुणे यायचं ठरलं. हे पलटणीतून निवृत्त झालेले, घरात हुकूम यांचाच.

"त्या तारा काढ. पावणं गेलं की घाल परत."

"आप्पा, ती काय नथ हाय व्हय, काढायला घालायला?"

थोबाडीत बसली. तारेनं तिचा गाल आतून फाटला. हे उसाला पाणी देणाऱ्या मोटारीची पक्कड घेऊन आले, पोरीला गुडघ्यानं भिंतीशी दाबलं आणि पक्कड तोंडात घातली. कट्कन तार तुटली. रक्त हनुवटीवरून ओढणीवर उतरलं.

मी "आवं, सोडा" म्हणत मधे घुसले. यांचं मनगट माझ्या तोंडापुढं होतं. मी ते दाढेखाली धरलं आणि भाकरी ओढते तसं ओढलं. यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी सोडलं नाही. तोंडात खारट आलं, दाढेत काहीतरी तडकलं, तेव्हा पक्कड खाली पडली.

"सोड! हात तुटला माजा, सोड!"

पोरगी दाराबाहेर पळाली, मग मी सोडलं.

पाहुणे आले तेव्हा आम्ही दोघी सांगलीत होतो. पोरीचा एक दात हलत होता. तो वाचेल, बाई म्हणाल्या, आणि नवी तार बसवू लागल्या.

"आईचं पन तोंड बघा," पोरगी उघड्या तोंडानंच बोबडं बोलली.

मी पदर तोंडावर धरला. बाईंनी तो हळूच बाजूला केला.