शिवकन्येचे मोकळे हात

मदाऱ्यांकडून सोडवलेली अस्वलं बालाघाटातल्या एका राखीव रानात ठेवली होती. शिवकन्या त्यांना रोज ज्वारीच्या कण्या शिजवून घालायची. त्यातलं एक म्हातारं, तिच्या बांगड्या किणकिणल्या की घुंगरं समजून मागच्या पायांवर उभं राहायचं आणि थरथरत नाचायचं. "मेल्या, जेव की आता!" ती करवादायची. बांगड्यांना फडकं गुंडाळूनही भागेना. शेवटी सवाष्ण असून तिनं बांगड्या काढल्या. नवरा तेव्हा ट्रक घेऊन घाटात होता.

अस्वल पोटभर जेवलं. ती मात्र मोकळे हात पदराखाली झाकून मोबाइल वाजायची वाट बघत बसली.

"पोचलो," अखेर नवऱ्याचा आवाज आला.

"उद्याबी घाटच हाय का?"

"रोजचाच हाय की. कावून?"

तिनं काढून ठेवलेल्या बांगड्यांकडे बघितलं. अस्वलालाही रोजच जेवायचं होतं.