कवाडं नसलेला दरवाजा

गडाच्या दरवाजाला आता कवाडं नाहीत. दगडातल्या खाचा तेवढ्या उरल्यात. तरी दिवस मावळताना अण्णा तिथे नगारा वाजवतात. त्यांच्या घराण्याचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. नगारा झाला की दरवाजा बंद.

काल नगारा झाल्यावर टिपऱ्या खाली ठेवून ते पायऱ्यांकडे बघत बसले.

"आता कुणाची वाट बघताय?" मी विचारलं.

"मागं राहिलेल्याची. नगारा झाला तरी जरा थांबायचं, अशी रीत आहे. कुणी धापा टाकत येत असलं, तर त्यानं रात्रभर बाहेर राहू नये."

राजे गेले, साहेब आला, तोही गेला. तोफा भंगारात गेल्या. त्या वैभवाचं मला खरंच काही वाटत नाही. पण एवढ्या मोठ्या राज्यातून उशीर झालेल्या माणसाची ही काळजी तेवढी उरावी, आणि तीही एका म्हाताऱ्याच्या हातांत, याचं मात्र वाईट वाटतं.

मग विचारू नये ते मी विचारलं, "अण्णा, तुमच्यामागं कोण वाजवणार?"

त्यांचा मुलगा शहरात गेलेला. अण्णा पुन्हा पायऱ्यांकडे बघू लागले. अंधार पडला, पायऱ्या दिसेनाशा झाल्या, तरी अण्णा उठले नाहीत.