रेश्माचं पत्र

बूटपॉलिशचा वास आला की मला शेलार गावच्या काकूचं अंगण आठवतं. चुलत बहीण रेश्मा हवाई दलात भरती झाली होती आणि सोबत न्यायचे काळे बूट चमकवत बसली होती. तिच्या भरतीचं पत्र इंग्रजीत होतं, म्हणून काकूने ते माझ्या हातात दिलं.

"तू इंग्लिश मीडियमची ना गो? मोठ्याने वाच, सगल्यांना आयकू दे."

मी वाचलं. रेश्माचं नाव घाईघाईने वाचून पुढे गेले.

"तू पन फॉर्म भरायचा ना गो!" काकू म्हणाली.

मी भरला होता. धावण्यात नापास झाले होते, हे फक्त रेश्माला माहीत होतं.

"तिला न्हाय आवडत असलं, आये," रेश्मा मान वर न करता म्हणाली.

तेव्हा मला तिच्या नोकरीचा हेवा वाटला. आता वाटतो तो तिच्या त्या खोट्याचा. तिच्या जागी मी असते, तर खरं सांगून टाकलं असतं.